डोस न लिहिलेली चिठ्ठी : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना

सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. दिवसभर तुमच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात. काहींचं अक्षर लागतं, काहींचं लागत नाही. मग मी फोन करते आणि तुम्हीही बिचारे ओपीडीच्या गर्दीत फोन घेऊन सांगता. एक ओळ मात्र सगळ्यांचीच सुवाच्य असते. चिठ्ठीच्या तळाशी, बऱ्याचदा खाली रेघ मारून लिहिलेली : ‘वजन कमी करा.’

वरच्या प्रत्येक गोळीपुढे किती मिलिग्रॅमची, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे तुम्ही लिहिलेलं असतं. नसलं तर मी ती गोळी देत नाही, तसा नियमच आहे. आणि पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला त्या अख्ख्या चिठ्ठीत ज्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल असं तुमचंच मत आहे, त्याच्यापुढे काहीही नाही. किती किलो कमी करायचं, किती महिन्यांत, कशाच्या जोरावर, तोवर चालू गोळ्यांचं काय, दाखवायला परत कधी यायचं, यातलं एक अक्षर नाही. या ओळीलाही डोस लिहा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

डोस नसला की काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, कारण पेशंट तोवर तुमच्या दाराबाहेर पडलेला असतो. मला दिसतं. मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत असताना तो काउंटरवर कोपर टेकवून विचारतो, “मॅडम, डॉक्टर म्हणत्यात वजन कमी करा. काय हाय का त्याच्यासाठी?” आणि माझ्या मागच्या फळीवर आहेच की! जेवणाऐवजी प्यायच्या पावडरीचे डबे, गार्सिनियाच्या कॅप्सूल, ग्रीन टी, चूर्णं, काढे. शुगरच्या गोळ्यांवर सुटत नाही एवढं मार्जिन या मालावर सुटतं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. त्यात निदान बिल तरी होतं. बाजारच्या दिवशी बिनलेबलच्या पुड्या घेऊन बसणारे वेगळेच. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध 2011 मध्ये आपल्याकडे बंद झालं, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून. वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांत ‘शुद्ध वनस्पतींचं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते लपवलेलं सापडत आलं आहे. कुणी कौतुकानं सांगितलं, “पुडी घेतली आन् तिसऱ्या दिवशी भूकच मेली,” की माझ्या पोटात गोळा येतो.

पुडी नाही घेतली तर फोन आहेच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. मध्यंतरी या दोन पंथांवरून घराघरांत भांडणं लागली होती. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दोन्हीकडे उतरलेलं वजन वर्षभरात परत चढलेलीही. माझं भांडण दोघांशीही नाही. पण या माणसाला यातलं काय झेपेल, त्याच्या चालू गोळ्यांशी काय जुळेल, हे ठरवणारा एकच माणूस होता, आणि त्यानं तीन शब्द लिहून पुढच्या नंबरला आत बोलावलं.

गोळ्यांचंच आधी घेते, कारण तो माझा प्रांत आहे.

आषाढी एकादशीची सकाळ. आमच्याकडं पंढरपूर जवळ, त्यामुळं घरटी उपवास. पन्नाशीच्या एक काकू, नेहमीच्या गिऱ्हाईक, शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी चालू. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय तर यंदा चातुर्मासभर एकभुक्त राहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. एका दगडात दोन पक्षी. रोजच्यासारखी सकाळी गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा, बस्स. दहा-साडेदहाला खोकल्याचं औषध घ्यायला म्हणून आल्या तेव्हा ओठांवर घाम, हात थरथरतायत, आणि बोलणं जरा तुटक. त्यांना वाटलं उन्हानं. ग्लुकोमीटर लावला तर शुगर 54, म्हणजे फारच खाली. ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटं बाकड्यावर बसवलं, परत मोजलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. “उपास मोडला की ओ,” म्हणून त्या हळहळत होत्या.

तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोटात अन्न पडलंय की नाही हे बघत बसत नाहीत, त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतातच. एकट्या मेटफॉर्मिननं शुगर अशी सहसा कोसळत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीत धोका वेगळा : कडकडीत उपवास आणि पाणीही कमी, अशात ती रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढवू शकते, आणि ते शुगर फार वाढलेली नसतानाही. म्हणजे ‘कमी खा’ हा सल्ला या तिघांना तीन वेगळ्या तऱ्हांनी द्यायला हवा. बीपीचंही तेच. चार-सहा किलो उतरले की कालपर्यंत बरोबर असलेला डोस जड होऊ लागतो आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. तो माणूस माझ्याकडं येऊन म्हणतो, “अशक्तपणा आलाय, टॉनिक द्या.” टॉनिक कसलं, त्याची गोळी अर्धी व्हायची वेळ झालेली असते. पण तसं त्याला आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि काही गोळ्या स्वतःच वजन वाढवतात. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन. रोज घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. फिटसाठीचं व्हॅलप्रोएट, झोपेसाठी किंवा मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन, मानसोपचारातलं ओलान्झापीन. गरज असेल तर ती द्यावीच लागतात, त्याबद्दल दुमत नाही. पण एकाच चिठ्ठीत वर पायोग्लिटाझोन आणि खाली ‘वजन कमी करा’ वाचलं की मला त्या पेशंटची दया येते. पर्याय बसत असेल तर बदला. बसत नसेल तर निदान त्याला सांगा की बाबा, तुझं वजन वाढण्यात या गोळीचाही हात आहे, सगळा दोष तुझ्या जिभेचा नाही.

थायरॉइडचंही सांगून टाकते. पन्नाशीतल्या निम्म्या बायका स्वतःच्या वजनाचं खापर थायरॉइडवर फोडतात. थायरॉइड मंद असेल तर वजन वाढतं हे खरं, पण ते साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातही पाण्याचा वाटा मोठा. वीस किलो त्या एका ग्रंथीच्या माथी मारता येत नाहीत. तरीही ‘गोळी वाढवून दिली की बारीक होतं म्हणे’ या समजुतीवर माझ्याकडे थायरॉक्सीन मागायला येणाऱ्या आहेत. मी देत नाही. छाती धडधडणं आणि हाडं ठिसूळ होणं ही त्याची किंमत.

आता आकड्याकडे येऊ. तुमच्या भिंतीवर औषध कंपनीनं दिलेला बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, तक्ता लटकलेला असतो. त्यात 25 पर्यंत हिरवा रंग असेल तर तो काढून टाका, कारण तो आपल्यासाठी नाही. भारतीय माणसाला 23 पासून जास्त वजनाचा आणि 25 पासून लठ्ठपणाचा मानतात. कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80, म्हणजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच, याच्या आत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे फार मजेशीर दाखवलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली जात. म्हणून माझ्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असलेला, 62 किलोचा शिक्षक शुगरच्या गोळ्या न्यायला येतो आणि कुणी त्याला वजनाबद्दल बोलतही नाही, आणि थोराड हाडापेराची, दिवसभर शेतात राबणारी बाई 74 किलोची म्हणून बोलणी खाते.

टेप दोन रुपयांत छापून मिळते. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही तर अंगावर. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, तो पोटाच्या खाली बांधलेला असतो. उंचीच्या निम्म्याहून कंबर कमी हवी, एवढा हिशेब तर सातवी शिकलेल्या माणसालाही जमतो. तुमचा कंपाउंडर हे मोजू शकतो. वजनकाट्यापेक्षा केसपेपरवर हा आकडा आला तर काही तरी कळेल.

किती कमी करायचं? माझ्याकडे येणारी मंडळी तीस किलोंची स्वप्नं घेऊन येतात, लग्नातला फोटो दाखवतात. तुम्ही सांगत नाही म्हणून त्यांचा आकडा ते स्वतः ठरवतात, आणि तो गाठता येत नाही म्हणून महिन्यात सोडून देतात. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात उद्दिष्ट होतं वजनाच्या फक्त 7 टक्के आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. 2002 मध्ये निकाल आला : मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, आणि साठी ओलांडलेल्यांत तर त्याहून जास्त. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं 2006 मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. आहार आणि व्यायामानं मधुमेह 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिननं जवळजवळ तेवढाच. आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! काटा हलला नाही म्हणून फिरायला जाणं सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. ते मी सांगितलं तर ‘दुकानदारीण काहीतरी बोलते’ होतं, तुम्ही सांगितलं तर ते औषध होतं.

समजा 78 किलोच्या बाईंना तुम्ही पाच टक्के लिहून दिलेत. म्हणजे चार किलो, मुदत सहा महिने. एक किलो चरबीच्या साधारण 7,700 कॅलरी धरतात, चार किलोंच्या 30,800. सहा महिन्यांत वाटल्या की दिवसाला 170. आता स्वयंपाकघरात चला. दोन कप चहातली चार चमचे साखर म्हणजे 80 कॅलरी. फोडणीतलं दोन चहाचे चमचे तेल म्हणजे 90. झालं. शरीर इतकं काटेकोर वागत नाही, वजन उतरू लागलं की तेही खर्च आखडतं, तेव्हा चाराचे तीन होतील. होऊ देत. या बाईंनी भात सोडला नाही, भाकरी सोडली नाही, सासूबाईंशी वाद घातला नाही आणि घरात दोन स्वयंपाक केले नाहीत.

तेलाचं मोजमाप तर आणखी सोपं. ‘तेल-तूप कमी’ असं तुम्ही लिहिता, आणि प्रत्येक बाई मला शपथेवर सांगते की आमच्याकडे तेल फारसं लागतच नाही. मग मी विचारते, डबा किती दिवस पुरतो? चार माणसांत पाच लिटरचा डबा महिनाभर, असं उत्तर आलं की माणशी दिवसाला 38 ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या दिवसभराच्या ताटात 2,000 कॅलरींना 27 ग्रॅमच्या आसपास तेल-तूप आहे. मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. डबा दीड महिना पुरवा, एवढं लिहिलंत तरी तो पूर्ण डोस आहे.

त्याच ताटात डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मासे, मटण) दिवसाला 85 ग्रॅम आहेत. चार माणसांना महिन्याला दहा किलो! आमच्या आळीत एवढी डाळ किती घरांत जाते ते किराणावाल्याला विचारा. तांदूळ, गहू, ज्वारी मात्र पोत्यानं. सोलापूरची मालदांडी ज्वारी उत्तमच, भाकरीबद्दल मी कुणाला वाईट बोलू देणार नाही, पण तीन भाकरींबरोबर वाटीच्या तळाशी दिसणारं पातळ वरण आणि चिमूटभर शेंगाची चटणी, यावर पन्नाशीचं शरीर तगत नाही. दीड भाकरी, वाटीभर घट्ट मटकीची उसळ नाहीतर पिठलं, एखादं अंडं, ताक. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम प्रथिनं लागतात हा सरकारी हिशेब आहे, आणि वजन उतरवताना थोडी जास्तच हवीत, कारण कमी खायला लागलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. किडनीचा त्रास असेल तर हिशेब बदलतो, आणि तेही तुम्हीच सांगायचं. उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिनं नसल्यातच जमा. नुसता स्टार्च, तुपात परतलेला. काकूंनी आठवड्यातून तीन उपवास धरले आणि वजन वाढलं, यात देवाचा काही दोष नाही.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतं’ हे वाक्य आता रिक्षावालाही बोलतो. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च तपासला होता, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराच्या आकारमानाच्या मानानं पाहिलं तर विशीपासून साठीपर्यंत तो खर्च स्थिर निघाला, उतार लागला साठीनंतर, वर्षाला सुमारे 0.7 टक्क्यानं. बायकांच्या पाळी जाण्याच्या वयातही एकदम घसरण दिसली नाही. त्या वयात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते हे खरं, पण ते वेगळं. मग मधल्या वीस वर्षांत होतं काय? स्कूटी येते. विहिरीचं पाणी नळाला येतं. मुलं मोठी होतात, त्यांच्यामागं धावणं संपतं. नोकरीत बढती मिळते आणि खुर्ची. झोप तुटते. आणि तिशीनंतर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू गुपचूप कमी होत जातात, कारण जड काही उचलायचं कामच पडत नाही.

त्यावर तुम्ही लिहिता, ‘रोज चाला.’ चालावंच. पण नुसत्या चालण्यावर वजन उतरतं ही समजूत असेल तर आमच्याकडं वारीच्या दिवसांत या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायी, आणि माझ्या ओळखीतले कितीतरी वारकरी परतल्यावर काट्यावर जिथल्या तिथं. वाटेत गावोगावी वाढलेल्या पिठलं-भाकरीला, शिऱ्याला, केळ्यांना नाही कोण म्हणणार? चालण्यानं त्यांची शुगर, झोप, गुडघे, मन सगळं सुधारतं, ते मोजा. पण दंड आणि मांड्यांसाठी वेगळं काहीतरी लागतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, तो मी आजवर एकाही चिठ्ठीवर वाचलेला नाही. जिम नको. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दहा जोर, पाण्याचे दोन भरलेले कॅन घेऊन अंगणात चार फेऱ्या. गुडघे दुखतात म्हणून चालत नाही म्हणणाऱ्याला सांगा की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल थोडंच. टिर्झेपेटाइड आपल्याकडे मार्च 2025 मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन त्यानंतर जूनमध्ये. औषधं खरी आहेत, पुडीतली नाहीत. सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. ज्याला गरज आहे आणि परवडतं त्याला जरूर द्या. फक्त त्याच अभ्यासातल्या लोकांचं इंजेक्शन बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, हे सुरू करण्याआधी सांगा. मुलीच्या लग्नापुरतं चार महिने घेऊ म्हणणारे माझ्याकडे चौकशीला येऊ लागलेत. आणि सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर ते कमी करण्याचं काय, हेही त्याच चिठ्ठीवर असू द्या.

एक कडू गोष्ट बोलायची आहे. वजनाचा विषय निघाला की तुमच्यापैकी काहींचा आवाज चढतो. “खाणं आवरा जरा,” “तोंडावर ताबा नाही तर मी काय करू,” आणि हे दार उघडं असताना, बाकड्यावर शेजारपाजारचे बसलेले असताना. अशी बोलणी खाल्लेल्या बायका पुढच्या वेळी तुमच्याकडे येत नाहीत. जुनी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात, “त्याच गोळ्या द्या, दाखवायला पुढच्या महिन्यात जाते.” तो पुढचा महिना कधी उगवत नाही. याच्या उलट, काही न करता सहा किलो उतरलेल्या माणसाचं गावभर कौतुक चाललेलं असतं, आणि ते शुगर बेसुमार वाढल्याचं, टीबीचं किंवा आणखी कशाचं लक्षण असू शकतं हे कुणाच्या मनातही येत नाही. ‘आपोआप उतरलं’ हे शब्द ऐकले की मी त्याला ताबडतोब तुमच्याकडे पिटाळते.

तुमच्याकडे वेळ नाही, हे मला ठाऊक आहे. सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर नंबर, त्यात सर्टिफिकेटवाले, त्यात आमच्यासारख्यांचे फोन. मी व्याख्यान द्या म्हणत नाही. तीन शब्दांच्या जागी चार ओळी लिहा. उदाहरणार्थ : ‘कंबर 94 सेंमी. वजन 78, सहा महिन्यांत 74. चहात साखर बंद, तेलाचा डबा दीड महिना, रोज एक वाटी घट्ट उसळ, खुर्चीतून उठबस दहा वेळा. उपवासाच्या दिवशी सकाळची ग्लिमेपिराइड घेऊ नये. घाम-थरथर झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून. दोन किलो उतरल्यावर बीपी दाखवणे.’ मजकूर तुमचा तुम्ही ठरवा, गोळीबाबतचा निर्णय तर तुमचाच आहे. रबरी शिक्का करून घेतलात आणि आकडे हातानं भरलेत तरी चालेल. आमच्या चौकात शिक्केवाला अर्ध्या दिवसात करून देतो.

बाकीचं मी बघते. दुकानात काटा आहे, टेप आहे, दोन्ही फुकट. गोळ्या न्यायला माणूस दर महिन्याला येतोच, तेव्हा तुमच्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला कंबर आणि वजन लिहून देत जाईन, म्हणजे पुढच्या खेपेला तुम्हाला ते आयतं मिळेल. आकडा उतरता असेल तर तसं, नसेल तर तसं. गोळी कमी करायची वेळ आलीये असं मला वाटलं तर मी फोन करीन. दुपारी एक ते दोन बरं पडेल का, एवढं कळवा.

आपली,
एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट
सोलापूर जिल्हा